श्रेष्ठ कोण? : १९८० च्या दशकातील घरगुती संगणकांचा वाद

रामनगरला आमची बैठक भरते तेव्हा वाचन संपून चहा आला की एक वाद हमखास निघतो. १९८० च्या दशकातील घरगुती संगणकांत श्रेष्ठ कोणता? वाद घालणारे तिघेही आता पन्नाशी ओलांडलेले आहेत. एकाचे शिक्षण पुण्यात झाले आणि तेथे खोलीवर राहणाऱ्या मित्राच्या स्पेक्ट्रमवर त्याचा हात बसला. दुसरा मोठ्या शहरातील ज्या शाळेत शिकला तेथे बीबीसी मायक्रो होता. तिसऱ्याच्या मामांनी आखातातून येताना कमोडोर ६४ आणला होता. तिघेही आकडे तोंडपाठ सांगतात, एकमेकांच्या यंत्रातील व्यंगे काढतात, आणि रात्र झाली की निकाल न लावताच आपापल्या घरी जातात. हा निकाल लागत का नाही, याचा विचार करू लागल्यावर आम्हाला असे वाटले की या वादामागे त्या दशकाचा एक इतिहास आहे आणि तो आपल्या जोयडा तालुक्यालाही चुकवून गेलेला नाही. तो मांडण्यासाठी हे टिपण.

घरगुती संगणक म्हणजे काय, हे आजच्या तरुण वाचकास थोडे सांगावयास हवे. ही यंत्रे म्हणजे कळफलकाची एक पेटी. तिच्यातच सारा संगणक. पडदा म्हणून घरचा टी.व्ही. जोडायचा, आणि लिहिलेला कार्यक्रम साठवण्यासाठी गाणी ऐकण्याचा टेपरेकॉर्डर. बटण दाबताच यंत्र बेसिक या भाषेत आज्ञेची वाट पाहत उभे राहते. आत आधीपासून काही नसते. करावयाचे ते आपणच लिहावयाचे. त्यापूर्वीचा संगणक मोठ्या संस्थांच्या थंड खोल्यांत, पांढऱ्या डगल्यातील माणसांच्या स्वाधीन असे. १९७७ साली अमेरिकेत अ‍ॅपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० ही यंत्रे बाजारात आली आणि सामान्य गिऱ्हाइकाला संगणक विकत घेता येऊ लागला. पुढील पाच वर्षांत किमती झपाट्याने उतरल्या आणि आमच्या मित्रांच्या वादातील तिन्ही पैलवान १९८१-८२ च्या सुमारास आखाड्यात उतरले.

स्पेक्ट्रमचा पक्ष प्रथम घेऊ. इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने तो २३ एप्रिल १९८२ रोजी जाहीर केला. १६ किलोबाइट मेमरीच्या यंत्राची किंमत १२५ पौंड, ४८ किलोबाइटच्या यंत्राची १७५ पौंड. आत झेड-८० जातीचा प्रोसेसर. कळा रबराच्या, खोडरबरासारख्या मऊ. त्यावर टंकलेखकाची बोटे चालत नसत. रंग होते, परंतु आठ बाय आठ ठिपक्यांच्या एका चौकटीत दोनच रंग मावत. त्यामुळे खेळातले लाल विमान हिरव्या डोंगरावरून गेले की डोंगराचा तुकडाही लाल होई. आवाज म्हणाल तर एक चिरका स्वर. मात्र या यंत्रात एक मोठी सोय होती. बेसिकमधील आज्ञा अक्षरे जुळवून लिहावी लागत नसे. एका कळेत पूर्ण शब्द उमटे. पी दाबले की प्रिंट. ओळीत चूक असेल तर यंत्र ती ओळ स्वीकारीतच नसे, चुकीच्या जागी प्रश्नचिन्ह लुकलुकत राही. इंग्रजी स्पेलिंगला बिचकणाऱ्या मराठी शाळेतील मुलाला याहून दयाळू शिक्षक मिळणे कठीण होते, असे आमचे पुणेकर मित्र म्हणतात आणि त्यात तथ्य आहे.

बीबीसी मायक्रो केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने बनविला. ब्रिटिश नभोवाणी संस्थेने जनतेला संगणक शिकविण्यासाठी दूरचित्रवाणी मालिका आखली होती व तिच्या जोडीला एक यंत्र हवे होते. ते काम सिंक्लेअर यांना न मिळता एकॉर्नला मिळाले. डिसेंबर १९८१ मध्ये हे यंत्र बाहेर पडले. स्टीव्ह फर्बर आणि सोफी विल्सन हे त्याचे प्रमुख शिल्पकार. कळफलक खराखुरा, बांधणी दणकट, मागे आणि खाली जोडण्यांसाठी अनेक दारे. त्याची बेसिक भाषा त्या काळातील सर्वांत नेटकी. तिच्यात कार्यक्रमाचे सुटे भाग पाडून त्यांना नावे देता येत. दोष दोन. मेमरी ३२ किलोबाइटच, आणि उत्तम रंगाचे चित्र हवे तर त्यांतील २० किलोबाइट पडदाच गिळून टाकी. दुसरा दोष किंमत. लवकरच ती ३९९ पौंडांवर गेली, म्हणजे स्पेक्ट्रमच्या दुपटीहून अधिक. ब्रिटिश सरकारने शाळांना निम्मी किंमत देऊ केली, म्हणून तो तेथे वर्गावर्गात पोहोचला.

कमोडोर ६४ हे अमेरिकेचे यंत्र, ऑगस्ट १९८२ चे. नावाप्रमाणे मेमरी ६४ किलोबाइट. त्यातील सिड नावाची ध्वनिचकती एकाच वेळी तीन स्वर वाजवी, आणि तिच्या नादावर आजही संगीत रचणारे लोक आहेत. सव्वा कोटीहून अधिक यंत्रे खपली, असा सर्वमान्य अंदाज आहे. स्पेक्ट्रम सुमारे ५० लाख आणि बीबीसी १५ लाख. परंतु या यंत्राच्या बेसिकमध्ये चित्र काढण्याची वा स्वर वाजविण्याची आज्ञाच नव्हती. सारे काही मेमरीच्या घरांत आकडे पेरून साधावे लागे. खेळणाऱ्याला स्वर्ग आणि शिकणाऱ्याला डोंगर, असे त्याचे वर्णन करता येईल.

आता निवाडा करावयाचा कोणत्या मापाने? खपाचे माप घेतले तर कमोडोर. बांधणी आणि भाषेचे माप घेतले तर बीबीसी. स्वस्ताईचे घेतले तर स्पेक्ट्रम. तिघे मित्र तीन तराजू घेऊन बसलेले असतात आणि दुसऱ्याच्या तराजूत आपले यंत्र घालावयास कोणी तयार नसतो. येथवर हा वाद लंडनमध्ये चालला असता तसाच आहे. त्याचे भारतीय रूप वेगळ्याच ठिकाणी सुरू होते. आमच्या मित्रांपैकी एकानेही आपले यंत्र निवडलेले नव्हते. ते त्यांना मिळाले होते, आणि कसे मिळाले हाच इतिहास आहे.

आयातीवरील जबर शुल्क आणि परवान्यांची पद्धत यांमुळे १९८० च्या दशकाच्या आरंभी परदेशी संगणक भारतात येणे जवळपास अशक्य होते. १९ नोव्हेंबर १९८४ रोजी राजीव गांधी यांच्या सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले. शुल्क उतरले, उत्पादनावरील बंधने सैल झाली. त्याच वर्षी इलेक्ट्रॉनिक्स विभाग व शिक्षण मंत्रालय यांनी शाळांसाठी 'क्लास' हा प्रकल्प हाती घेतला. १९८४-८५ मध्ये २५० शाळांपासून सुरुवात झाली आणि यंत्र निवडले गेले बीबीसी मायक्रो. पुढे मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने तेच यंत्र परवान्याने 'युनिकॉर्न' या नावाने बनविले. फेब्रुवारी १९८९ मध्ये या कंपनीच्या चकत्या बनविणाऱ्या कारखान्याला भीषण आग लागली व देशाचे मोठे नुकसान झाले. म्हणजे आमचे शाळावाले मित्र ज्याला आपली आवड समजतात, ती दिल्लीतील एका निर्णयाची सावली आहे.

स्पेक्ट्रमची वाट दुसरी. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८६ च्या सुमारास सुधारित कळफलकाचा स्पेक्ट्रम प्लस परवान्याने 'डीबी स्पेक्ट्रम' म्हणून बाजारात आणला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये खुद्द सिंक्लेअर यांनी आपला संगणकाचा धंदा अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीला ५० लाख पौंडांना विकून टाकला होता. मूळ कर्त्याने हात झटकले त्या वर्षी ते यंत्र महाराष्ट्रात नव्याने जन्माला येत होते. काही हजार यंत्रे खपली, आणि १९९० च्या सुमारास आयबीएमच्या धर्तीवरील पीसी स्वस्त होऊ लागल्यावर ही बाजारपेठ मावळली. पुण्यामुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत ज्यांनी पहिला संगणक पाहिला त्यांपैकी अनेकांना म्हणूनच स्पेक्ट्रम आठवतो. कमोडोरची वाट तर सरळच बाहेरून येणारी होती: आखातातील वा अमेरिकेतील नातलग, त्याची पेटी, आणि विमानतळावरील कस्टम.

मंत्रालय, कारखाना आणि नातलग, या तिन्ही वाटांपैकी एकही त्या दशकात आमच्या तालुक्यापर्यंत आली नाही. येथे कशाची वाट होती, हे वाचकांना सांगावयास नको. काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमाजवळील सुपा हे तालुक्याचे ठाणे होते. गणेशगुडीजवळ काळी नदीवर धरण उभे राहत होते. १०१ मीटर उंचीचे हे धरण १९८७ साली पूर्ण झाले, सुपा पाण्याखाली गेले, ठाणे जोयड्यास हलले आणि विस्थापितांची वस्ती रामनगरला झाली. आमच्या पिढीच्या लहानपणीची ठळक स्मृती कळफलकाची नाही. दारे, चौकटी, मंगळुरी कौले आणि तुळशीवृंदावनाचे दगड गाड्यांत भरले जात असल्याची आहे. 'घरगुती संगणक' या शब्दातील संगणक आपल्याला परका होता हे खरे, परंतु त्या वर्षांत त्यातील 'घर' हा शब्दही आपल्याकडे स्थिर नव्हता.

आणि तरीही या दोन गोष्टींचा संबंध आहे. ही यंत्रे विजेवर चालत आणि वीज गेली की सर्व विसरत. स्पेक्ट्रमची ४८ किलोबाइट मेमरी टेपवर उतरविण्यास साडेचार मिनिटांच्या आसपास लागत. तेवढ्यात वीज गेली तर तीन तास टंकलेला कार्यक्रम नाहीसा. आमचे पुणेकर मित्र भारनियमनाच्या या कथा हसत सांगतात. काळीच्या पाण्यावर अंबिकानगरजवळच्या नागझरी वीजगृहातील आणि सुपा धरणाच्या पायथ्याची जनित्रे त्याच दशकात फिरू लागली व ती वीज राज्याच्या शहरांकडे गेली. तारा मात्र आमच्या कित्येक वाड्यांच्या डोक्यावरून गेल्या. बंगळुरात त्या काळी कोणाच्या घरी वा कचेरीत संगणकाचा पडदा उजळला असेल तर त्यात काळीचाही थोडा वाटा होता. हे आम्ही कुणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. परंतु त्या दशकाच्या गोड आठवणी सांगताना पडद्यामागील तार कोठून आली हे सांगितले नाही, तर इतिहास अर्धाच राहतो.

मग या वादात आपल्याला बोलण्याचा अधिकारच नाही काय? आम्हाला वाटते, आहे, आणि तो भाषेच्या बाजूने आहे. साहित्याच्या मंडळाला शोभेल असा चौथा तराजू आम्ही सुचवितो: या यंत्रांपैकी कोणावर मराठी अक्षर लिहिता येत होते? कळफलक इंग्रजी, आज्ञा इंग्रजी, अक्षरांचा संच इंग्रजी. तथापि तिन्ही यंत्रांनी एक खिडकी उघडी ठेवली होती. वापरणारा स्वतःच्या हाताने नवे चिन्ह रचू शके. स्पेक्ट्रममध्ये अशा २१ चिन्हांची जागा राखून ठेवलेली होती. प्रत्येक चिन्ह आठ बाय आठ ठिपक्यांचे. चौकटीच्या कागदावर अक्षर काढावयाचे, प्रत्येक ओळीतील भरलेल्या घरांची बेरीज करावयाची (डावीकडून घरांची किंमत १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १) आणि आलेले आठ आकडे यंत्राला द्यावयाचे.

'प' घेऊन पाहू. पहिली ओळ शिरोरेखा, सगळी घरे भरलेली: २५५. पुढे दोन उभ्या रेघा: ६६, ६६, ६६. मग खालचे वळण उजव्या दांड्याला मिळते: ६२. उरलेला दांडा: २, २. शेवटची ओळ रिकामी: ०. हे आठ आकडे दिले की पडद्यावर 'प' उमटतो. येथे एक गंमत वाचकांच्या ध्यानात येईल. चौकटी एकमेकींना खेटून असल्यामुळे दोन अक्षरे शेजारी आली की त्यांच्या शिरोरेखा आपोआप जुळतात. रोमन लिपीसाठी घडविलेल्या यंत्रात देवनागरीची ओळ सलग उभी राहते. परंतु वेलांटी, मात्रा शिरोरेखेच्या वर जातात आणि उकार खाली. आठ ओळींच्या घरात त्यांना जागा नाही. 'गाव' लिहिता येतो, 'पान' लिहिता येते. 'सुपा' लिहावयास घेतले की उकारापाशी हात अडतो. त्यासाठी खालच्या ओळीतील घर मोडावे लागते.

या मापाने बीबीसी पुढे जातो, कारण तेथे एका आज्ञेत आठही आकडे देता येत. स्पेक्ट्रमवर ते एकेक करून मेमरीत घालावे लागत आणि कमोडोरवर तर आधी सगळा अक्षरसंच दुसरीकडे उतरवून घ्यावा लागे. मात्र मुख्य मुद्दा वेगाचा नाही. ज्याने हे एकदा केले त्याला अक्षर म्हणजे काय, ते यंत्राच्या आत कसे राहते, आणि आपली लिपी तेथे का मावत नाही, हे हाताने कळले. ब्राझीलमध्ये १९८५ साली मायक्रोडिजिटल कंपनीने स्पेक्ट्रमची टीके-९०एक्स ही नक्कल काढली; तिच्यात पोर्तुगीज व स्पॅनिशची चिन्हांकित अक्षरे बसविलेली होती. नक्कल करताना त्यांनी आपल्या भाषेची आठवण ठेवली. आपल्याकडे हे काम घरगुती यंत्रांच्या बाहेर झाले. कानपूरच्या आयआयटीत १९८३ साली देवनागरी संगणकाचा नमुना तयार झाला. त्याच परंपरेतील 'जिस्ट' तंत्र १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सीडॅक संस्थेत वाढले. जिस्टची पट्टी पीसीत बसविली की भारतीय लिप्या पडद्यावर येत. पुढे १९९१ साली भारतीय लिप्यांचे इस्की हे मानक ठरले आणि त्याच्या आधीच्या आराखड्यावरून देवनागरी युनिकोडमध्ये गेली. आज आपण मोबाइलवर 'सुपा' लिहितो तेव्हा उकार न मोडता आपल्या जागी बसतो, तो या वाटेने.

आणि त्या मोबाइलचेही मूळ या वादातच आहे. बीबीसी मायक्रोच्या यशानंतर फर्बर आणि विल्सन यांनी एकॉर्नसाठी नवा प्रोसेसर रचला. एप्रिल १९८५ मध्ये त्याची पहिली चकती चालू झाली. तोच एआरएम. आज जगातील जवळपास प्रत्येक मोबाइल फोनात त्याचे वंशज आहेत. जोयड्याच्या रानात रेंजसाठी उंच जागा शोधत फिरणारे पोर हातात बीबीसी मायक्रोचा नातू घेऊन फिरत असते. वंशविस्ताराने श्रेष्ठत्व ठरवावयाचे तर आमच्या शाळावाल्या मित्रांनी हा डाव जिंकला, असे कबूल करावे लागेल.

तरी आमचे मत विचाराल तर ते स्पेक्ट्रमकडे झुकते, आणि त्याचे कारण तांत्रिक नाही. शाळेतले यंत्र तासापुरते, मास्तरांच्या देखरेखीखाली आणि मोजक्या शाळांत असे. परदेशातून आलेले यंत्र नातलगाच्या कृपेवर. पुण्यात बनलेले यंत्र निदान दुकानात मिळत होते आणि बिघडले तर दुरुस्त करणारा माणूस मराठी बोलणारा होता. यंत्राचे श्रेष्ठत्व त्याच्या पोचण्यात थोडे तरी असते. अर्थात हे म्हणताना स्पेक्ट्रमची पोच मर्यादित होती हेही आम्हास दिसते. पुण्याचे दुकान रामनगरपासून दूर होते, आणि घर, वीज, टी.व्ही. आणि शिल्लक पैसा या चारही गोष्टी असतील त्याच्याच दारात ते यंत्र जाई. श्रेष्ठत्वाचा वाद घालणारे तिघेही त्या दारातून आत गेलेले आहेत. बाहेर राहिलेल्यांचे मत कोणी विचारले नाही.

जुन्या आठवणींना हसणारे हसोत. आमच्या मते त्यांचे मोल पुराव्याइतके आहे. धोरणाची तारीख सरकारी कागदात सापडते. रबरी कळेखाली बोट कसे घसरे, टेपचा किंकाळीसारखा आवाज ऐकून कार्यक्रम नीट उतरतो आहे की नाही हे कसे ओळखत, चौकटीच्या वहीत पहिला 'प' कोणी काढला, हे कोणत्याही कागदात नाही. ते या तिघांच्या वादात आहे. कॅसेटचा लेप दरवर्षी थोडा झडतो आणि माणसांचेही तसेच होते. म्हणून ज्यांच्या माळ्यावर असे एखादे यंत्र, कॅसेट किंवा वही पडून असेल त्यांनी ती टाकू नये. तिच्याविषयी आठवते ते लिहून काढावे. आणि त्याच पानाच्या दुसऱ्या बाजूस, त्याच वर्षी आपले घर कोठे होते, तेथे वीज होती का आणि ती कोठून येत होती, हेही लिहावे. आमच्या बैठकीत पुढील वेळी वाद निघेल तेव्हा आम्ही तिघांपुढे कोरे कागद ठेवणार आहोत. ज्यांच्या घरी काहीच नव्हते त्यांच्यापुढेही.